पावसाळी टायर निवडताना नक्षीआधी रबर पाहा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मे महिना सरत आला की मुंबईतल्या सायकलच्या दुकानांत एक मागणी हमखास ऐकू येते: "पावसाळा आलाय, चांगला ग्रिपवाला टायर दाखवा." दुकानदार सगळ्यात उंच नॉबचा (म्हणजे टायरवरच्या रबरी उंचवट्यांचा), दिसायला ट्रॅक्टरसारखा टायर काढून देतो आणि गिऱ्हाईक समाधानाने घरी जातं. पहिल्या सरीत तोच टायर पेव्हर ब्लॉकच्या वळणावर सुटतो. दरवर्षी कोपरं-गुडघे फुटतात, म्हणून हे पत्र.

मुंबईतली माउंटन बाइक बहुतेक वेळ डांबर, काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉकवरच चालते. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातला कान्हेरीचा रस्तासुद्धा डांबरीच. अशा ओल्या, कडक पृष्ठभागावर उंच नॉब तोट्याचे असतात. रस्त्याला टेकतात ती फक्त नॉबची टोकं, म्हणजे रबर कमी लागतं. वळताना नॉब मुळापासून वाकतात आणि चाक अचानक निसटतं. पाणी बाहेर फेकायला खाचा हव्यात, हा नियम मोटारीचा. पाण्याच्या थरावर टायर तरंगू लागण्याचा वेग हवेच्या दाबावर ठरतो. ३० पीएसआयला (पीएसआय हे हवेच्या दाबाचं माप) तो ताशी ९० किलोमीटरच्या आसपास येतो. सायकल त्या वेगाला जातच नाही. तिचा टायर पाणी दाबून बाजूला सारतो आणि पुढचं काम रबराचं.

रबराचा मऊपणा शोअर ए या मापात मोजतात. आकडा जितका लहान, तितकं रबर मऊ: ४२ च्या आसपास अगदी मऊ, ५० मध्यम, ६० च्या पुढे कडक. स्वस्त सायकलींवर कंपनीकडून येणारा टायर बहुधा कडक रबराचा असतो. तो वर्षानुवर्षं झिजत नाही, आणि ओल्यात धरतही नाही. चांगल्या टायरवर रबराचा प्रकार लिहिलेला असतो. श्वाल्बे कंपनीच्या ॲडिक्स रबराच्या टायरवर रंगीत पट्टी असते: लाल म्हणजे वेगासाठीचं, निळी म्हणजे मधलं, नारिंगी मऊ आणि जांभळी अतिमऊ. काहीच लिहिलेलं नसेल तर नॉबवर अंगठ्याचं नख रोवून पाहा. मऊ रबरात ते सहज रुततं, कडकावर नुसतं घसरतं. हीच परीक्षा घरच्या जुन्या टायरचीही घ्या. सोसायटीच्या आवारात दोन-तीन उन्हाळे तापलेल्या सायकलीची नक्षी शाबूत दिसते, पण रबर मेलेलं असतं. बाजूच्या भिंतीवर बारीक भेगा दिसल्या की तो टायर ओल्या रस्त्यावर नेऊ नये.

ब्रिटनमधले सायकलस्वार ओल्या हिवाळ्यासाठी जे टायर निवडतात, त्यांची यादी इथे जशीच्या तशी उचलली जाते. तिथे गारठ्यात रबर कडक पडतं, म्हणून अतिमऊ रबर लागतं. आपल्या पावसाळ्यात तापमान २५ ते ३० अंश असतं. तेवढ्या उबेत मध्यम रबरही नीट धरतं आणि अतिमऊ रबर डांबरावर एका हंगामात उडून जातं. शहरात आणि आरेसारख्या भागातल्या रस्त्यांवर फिरणाऱ्याला मधोमध बसकी, जवळजवळची नक्षी आणि कडेला जरा उठावदार नॉब असलेला, ५० च्या आसपासच्या रबराचा २.१ ते २.२५ इंची टायर पुरतो.

खरा चिखल तुडवायचा असेल, ठाण्याजवळच्या येऊरच्या पायवाटा किंवा घाटावरची लाल माती, तर हिशेब बदलतो. तिथे उंच आणि एकमेकांपासून लांब असलेले नॉब हवेत. मॅक्सिस कंपनीचा शॉर्टी हा टायर त्यातला नमुना. असे नॉब वरचा गाळ कापून खालच्या घट्ट मातीला भिडतात आणि चाक फिरताना चिखल झटकून टाकतात. नॉब दाटीवाटीचे असले की मधल्या फटी लाल चिकणमातीने भरतात आणि टायर गुळगुळीत होतो. रुंद टायरचा मोह इथे आवरावा. चिखल, गवत आणि खडी यांचा गोळा पेडलच्या मागे, फ्रेमच्या दोन नळ्यांच्या बेचक्यात अडकतो आणि चाक जाम होतं. टायरच्या दोन्ही अंगांना किमान सहा मिलिमीटर मोकळी जागा राहिलीच पाहिजे.

मागचं चाक घसरलं तर सावरता येतं, पुढचं घसरलं की माणूस खालीच. म्हणून जास्त धरणारा टायर पुढे. झिजतो मात्र मागचा आधी, आणि दुकानात नवा टायर सरळ मागेच चढवून देतात. तसं करू देऊ नका. पुढचा चांगल्या स्थितीत असेल तर तो मागे घ्या आणि नवा पुढे बसवा. बाजूवरचा दिशेचा बाण पाहायला विसरू नका.

आता हवा. "टाइट मारा" हे पावसाळ्यातलं सगळ्यात वाईट वाक्य. दगडासारखा टायर ओल्यात उडतो आणि घसरतो. ट्यूबवाल्या २.१ ते २.२५ इंची टायरला साधारण ७० किलोच्या माणसासाठी पुढे २८, मागे ३२ पीएसआय ही सुरुवात धरा. चिखलात दोन-तीन पीएसआय कमी चालतात. त्याखाली मात्र शहरात उतरू नका, कारण पाण्याने भरलेल्या खड्ड्याची धार दिसत नाही. ट्यूब रिमखाली चिरडते आणि सापाच्या दातांसारखी जोडछिद्रं पडतात. ट्यूबलेसला आणखी तीन-चार पीएसआय कमी चालतात, पण आतलं सीलंट, म्हणजे छिद्र बुजवणारं द्रव, आपल्या हवेत लवकर सुकतं. जूनच्या तोंडावर ते तपासा आणि दर दोन महिन्यांनी पाहत राहा. पावसात पंक्चर वाढतात त्याचंही कारण आहे: ओली काच रबरात सहज शिरते. घरी आल्यावर टायरवरून नजर फिरवून रुतलेल्या कपच्या काढाव्यात.

मापातही फसगत होते. २६ बाय १.९५ आणि २६ बाय १ ३/८ हे दोन्ही "सव्वीस"च, पण एक दुसऱ्याच्या रिमवर बसत नाही. टायरच्या बाजूवरचा ५०-५५९ असा आकडा पाहा. पहिला रुंदीचा, दुसरा रिमवर बसणाऱ्या कडेच्या व्यासाचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. माउंटन बाइकच्या २६ ला ५५९, २७.५ ला ५८४ आणि २९ ला ६२२.

मेट्रोच्या कामावरच्या लोखंडी प्लेटा, गटारांची झाकणं आणि झेब्रा क्रॉसिंगचा रंग यांवर कोणताच टायर धरत नाही. तिथे पोचण्याआधीच ब्रेक लावून वेग कमी करावा, हँडल सरळ ठेवावं आणि तसंच पार व्हावं.

दुकानदारांना एवढीच विनंती की टायर दाखवण्याआधी गिऱ्हाइकाला विचारा, "चालवणार कुठे?" आणि हवा भरताना अंगठ्याने दाबून न पाहता दाब मोजणारं गेज लावा.

आपला नम्र,
एक सायकलप्रेमी वाचक, मुलुंड