भुलीच्या औषधाने नैराश्याला उतार

महोदय,
शस्त्रक्रियेत भूल देण्यासाठी वापरतात त्या केटामाइनची एकच मात्रा शिरेतून दिल्यावर, इतर गोळ्यांनी गुण न आलेल्या नैराश्याच्या रुग्णांना दोन तासांत उतार पडला, असे अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या २००६ मधील अभ्यासात आढळले. रुग्ण मोजकेच होते. माझ्या धाकट्या भावाने गोळ्या लागू पडण्याची सहा आठवडे वाट पाहिली. आई पहाटे चारला त्याच्या उशाशी बसलेली असे. त्यामुळे ‘दोन तास’ हे शब्द मी पुन्हा पुन्हा वाचले. पण हा उतार फार दिवस टिकत नाही, रक्तदाबही वाढतो. अमेरिकेत २०१९ मध्ये मान्यता मिळालेला एस्केटामाइनचा (केटामाइनच्याच एका रूपाचा) नाकातला फवारासुद्धा दवाखान्यातच घेऊन दोन तास देखरेखीखाली थांबावे लागते. आपल्याकडेही मानसोपचारतज्ज्ञाच्या सल्ल्याशिवाय कुणी हा उपचार घेऊ नये, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, सातारा