टेनेरिफ सहल : रविवारच्या बैठकीला कागदपत्रांसह या

नमस्कार मंडळी,

येत्या रविवारी संध्याकाळी ५ वाजता आमराईत, नेहमीच्या बाकांपाशी बैठक आहे. ज्यांनी नाव दिलंय त्यांनी यायचंच. "बघू, कळवतो" आता पुरे, तिकिटं काढायची आहेत.

टेनेरिफ हे बेट आफ्रिकेजवळ असलं तरी स्पेनचं आहे, म्हणून शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) लागतो.

आणायचं ते :
- पासपोर्ट. परतीच्या तारखेनंतर किमान ३ महिने वैध हवा, शिवाय १० वर्षांच्या आत काढलेला.
- बँकेचं स्टेटमेंट आणि फोटो.
- किमान ३०,००० युरोंचा प्रवासी वैद्यकीय विमा. पॉलिसी मिळून घेऊ, रविवारी ठरवू.

व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला व्हिसा केंद्रात जावं लागेल.

टेनेरिफवरचा तेइदे ज्वालामुखी ३,७१५ मीटर उंच आहे, कळसूबाईच्या दुपटीहून जास्त. केबल कार ३,५५५ मीटरपर्यंत नेते. पुढे शिखरावर जायला वेगळा परवाना लागतो. ज्यांना जायचंय त्यांनी आत्ताच सांगा. बीपी, हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारा, लपवू नका. खाली समुद्रकाठी ऊबदार, वर कडाक्याची थंडी, तेव्हा स्वेटर घ्याच. तिथले लाव्हाचे दगड आठवण म्हणून उचलायचे नाहीत, मनाई आहे.

खाण्याचं : भडंग चालेल, पाकीटबंदच घ्या. पेढे, खवा, तूप मात्र नाही. युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. वहिनींनी कंदी पेढ्यांची ऑर्डर दिली असेल तर ते इथेच वाटून टाका, आम्ही आहोत.

यायला जमत नसेल तर शनिवारपर्यंत कळवा.