लोकसभेच्या पुनर्रचनेत अंतरही मोजा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

लोकसभा मतदारसंघांच्या पुनर्रचनेवर सध्या सगळीकडे लिहून येत आहे. उत्तरेला किती जागा वाढणार, दक्षिणेच्या किती घटणार, महाराष्ट्राच्या 48 जागांचं काय होणार, एवढीच चर्चा त्यात असते. मतदारसंघ किती लांब-रुंद आहे आणि त्यातला माणूस आपल्या खासदारापर्यंत पोचतो कसा, हे कुणी विचारत नाही. मी गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा तालुक्यातल्या एका गावची माजी सरपंच. आमचा मतदारसंघ गडचिरोली-चिमूर. म्हणून हा प्रश्न मी विचारते आहे.

2008 च्या पुनर्रचनेत हा मतदारसंघ तयार झाला. गडचिरोली जिल्ह्यातले आरमोरी, गडचिरोली आणि अहेरी, चंद्रपूरमधले ब्रह्मपुरी आणि चिमूर, आणि गोंदिया जिल्ह्यातला एकटा आमगाव, असे सहा विधानसभा मतदारसंघ त्यात आहेत. गोंदिया जिल्ह्याचे बाकीचे तीन भंडारा-गोंदिया लोकसभेत आहेत. आमगाव विधानसभेतले आमगाव, देवरी, सालेकसा हे तीन तालुकेच तेवढे बाजूला पडले. आमचं एक टोक छत्तीसगडच्या सीमेला, दुसरं टोक सिरोंचाला, गोदावरीच्या काठी. मधलं अंतर साडेतीनशे किलोमीटरहून जास्त. मुंबईत सहा खासदार आहेत आणि लोकलने तासा-दीड तासात त्यांच्यापैकी कुणालाही गाठता येतं. खासदार निधी मात्र त्यांना वर्षाला पाच कोटी आणि आमच्या खासदारालाही पाच कोटीच.

हे असं का झालं, तेही मला समजतं. 2001 च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या एका लोकसभा जागेमागे साधारण वीस लाख लोक येत होते. गडचिरोली जिल्हा 14,412 चौरस किलोमीटरचा, पण त्याची लोकसंख्या पावणेदहा लाखांच्या आतच. म्हणजे निम्मी माणसं शेजारून आणणं भाग होतं. जागा अनुसूचित जमातीसाठी राखीव. आमगाव-देवरी-सालेकसा हा गोंड, हलबा लोकांचा मुलूख, म्हणून नजर आमच्यावर पडली असेल. आरक्षणाला माझा पाठिंबाच आहे, मी स्वतः राखीव जागेवर सरपंच झाले. माझा आक्षेप नकाशाला आहे.

एक उदाहरण देते. माघ पौर्णिमेला आमच्याकडे कचारगडची यात्रा भरते. वेगवेगळ्या राज्यांतले गोंड भाविक येतात, त्यातले कितीतरी दरेकसा स्टेशनावर उतरतात. गाड्यांचा थांबा, फलाटावर पाणी ही कामं सरपंचाच्या हातची नसतात, ती दिल्लीतूनच हलतात. थांब्याचा अर्ज घेऊन मी खासदारांना भेटायला गडचिरोलीला गेले होते. सालेकशाहून गाडीने गोंदिया, तिथून दुसऱ्या गाडीने वडसा, पुढे आरमोरीवरून एसटी. देवरी-चिचगड-कोरचीचा जंगलरस्ता आहे, पण त्या वाटेने थेट बस मिळेलच याचा भरवसा नाही. माझ्यासोबत बचतगटाच्या दोन बायका होत्या, दोघींनी त्या दिवसाची मजुरी बुडवली. खासदारसाहेब त्या दिवशी भामरागडकडे दौऱ्यावर होते. त्यांचा दोष नाही, तिकडच्या लोकांचाही तो हक्कच आहे, आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की त्यांचा जगाशी संपर्क तुटतो, त्यांची तक्रार माझ्याहून मोठी आहे.

म्हणून हे पत्र कुठल्या पक्षाविरुद्ध नाही. 2009 ला मारोतराव कोवासे निवडून आले, 2014 आणि 2019 ला अशोक नेते, 2024 ला डॉ. नामदेव किरसान. माणसं बदलली, पक्ष बदलले, रस्ता तेवढाच राहिला. केंद्राच्या योजनांच्या आढावा समित्या जिल्हावार असतात, आमच्या खासदाराला तीन जिल्हे, तीन कलेक्टर सांभाळावे लागतात. आम्ही गोंदियाच्या कचेरीत गेलो तर तिथे ओळखीचा खासदार भंडारा-गोंदियाचा. आमचा फोन लागेपर्यंत बैठक संपलेली असते.

आणि तरी आमच्या मतदारसंघात मतदान 70 टक्क्यांच्या वर होतं. 19 एप्रिल 2024 ला आमगाव, आरमोरी, गडचिरोली आणि अहेरीत सुरक्षेसाठी दुपारी तीनलाच मतदान थांबणार होतं. मोहफुलाचे शेवटचे दिवस होते. आमच्या पाड्यावरच्या बायका पहाटे टोपल्या घेऊन झाडाखाली गेल्या, ऊन चढायच्या आत फुलं वेचली, अंगणात वाळत घातली, पोरांच्या पुढ्यात पेज ठेवली आणि तशाच पदर बांधून शाळेकडे निघाल्या. अडीचला रांगेत उभ्या राहिलेल्या एका आजीला मी सावलीत बसायला सांगितलं, तर म्हणाली, ‘नंबर गेला तं?’ एवढ्या हौसेने मत देणाऱ्या माणसांना आपला खासदार पाच वर्षांत एकदा तरी गावात दिसावा.

2002 च्या परिसीमन (म्हणजे मतदारसंघांच्या पुनर्रचनेच्या) कायद्यात लिहिलेलं होतं की मतदारसंघ शक्यतो भौगोलिकदृष्ट्या आटोपशीर असावा, आणि प्रशासकीय सीमा, दळणवळण व लोकांची सोय यांचा विचार व्हावा. आता पुनर्रचना करणाऱ्या नव्या आयोगासाठी जो कायदा होईल त्यात हे ‘शक्यतो’ काढून टाकावं, निदान डोंगर-जंगलाच्या राखीव मतदारसंघांसाठी लोकसंख्येच्या सरासरीत ठळक सूट द्यावी. कमी लोकांवरही गडचिरोलीला स्वतःचा खासदार मिळू द्या. तरीही माणसं कमी पडली तर चंद्रपूरचे मूल आणि गोंडपिपरी तालुके जवळ आहेत, गोंडपिपरीहून वैनगंगेचा पूल ओलांडला की आष्टी, म्हणजे गडचिरोली जिल्हाच. आमचे तीन तालुके आमच्या जिल्ह्याच्या मतदारसंघात परत जाऊ द्या.

आयोगाचा अंतिम आदेश निघाला की त्यात लोकसभेलाही फेरफार करता येत नाही. हरकती घ्यायच्या त्या मसुदा निघाल्यावर, आणि तेव्हा मुदत थोडी असते. म्हणून आमगाव, देवरी, सालेकशातल्या सरपंच भगिनींना आणि भावांना माझी विनंती आहे, येत्या ग्रामसभेतच ठराव घ्या. ठरावात गावापासून गडचिरोलीचं अंतर आणि जाण्या-येण्याचं भाडं लिहा, ग्रामसेवकाची सही-शिक्का घ्या, एक प्रत आमदारांना आणि एक खासदारांना द्या. आमच्या गावचा मसुदा तयार आहे, कुणाला हवा असेल तर सालेकशाच्या आठवडी बाजारात मला भेटा.

आपली नम्र,
एक माजी सरपंच
ता. सालेकसा, जि. गोंदिया