विषय: सभागृहावरचं सोलर, बोअरची मोटर आणि प्लॉट नं. 12 चं टिनाचं शेड

प्रति,
मा. अध्यक्ष,
आपली सहकारी गृहनिर्माण संस्था, ता. आर्वी, जि. वर्धा

स.न.वि.वि.

सोलरला माझा विरोध नाही. ठराव आला तेव्हा पहिला हात माझाच वर होता. हे आधीच लिहितो, कारण "काकाजींना सगळ्यातच खोट दिसते" असं मागच्या सभेत कोणीतरी बोलल्याचं कानावर आलं.

एका किलोवॅटला दिवसाकाठी साधारण 4 युनिट धरतात. आपलं सोलर 5 किलोवॅटचं, म्हणजे 20 च्या आसपास यायला हवेत. इन्व्हर्टरवर आकडा निम्माच दिसतो. सचिव म्हणतात, उन्हाळ्यात पॅनेल तापतात. तापतात, मान्य, पण त्यानं दहा-पंधरा टक्के जातील, निम्मी वीज नाही जात. खरं कारण सर्वांना दिसतं. प्लॉट नं. 12 वाल्यांनी सभागृहाला खेटून शेड चढवलं, वर डिशची छत्री लावली. दुपार कलली की सावली पॅनेलवर. पॅनेल एकाच ओळीत जोडलेले असतात. जोडीतला एक बैल बसला, तर दुसऱ्यानं कितीही ओढलं तरी बंडी जाग्यावरच. जिनिंगची धूळ बसते ती वेगळीच. धुवायचं काम कोणाचं, हे अजून ठरायचंच आहे.

आता मोटर. सगळ्यात स्वस्त कोटेशनची घेतली, वर्षाच्या आत जळाली. रिवाइंडिंगवाल्यानं माझ्यासमोर तारेवर ब्लेड फिरवलं. वरून तांबूस, आतून पांढरी. ॲल्युमिनियम! बिलावर मात्र कॉपर. गेटचे लाईटही तसेच: कव्हर चिकटवलेलं, उघडताच येत नाही, म्हणून दरवर्षी नवे. जुन्यांचा ढीग सभागृहामागे पडला आहे. 2022 च्या नियमांनी तो ई-कचरा ठरतो, भंगारवाल्याच्या गाडीवर टाकायची सोय नाही.

पॅनेलची गॅरंटी 25 वर्षांची आणि त्यावर चालणारी मोटर एका उन्हाळ्याची, हे गणित मला तरी जमत नाही. वीज फुकटची झाली म्हणून वस्तू फुकट येत नाही. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत (नमुना नियमावलीत) दुरुस्ती निधी वर्षाला बांधकाम खर्चाच्या किमान 0.75 टक्के सांगितला आहे, तो याचसाठी. (माझ्या मेंटेनन्सच्या थकबाकीचा विषय वेगळा आहे, तो यात आणू नये.)

आमच्या लाईनीतल्या सर्वांचं हेच मत आहे. सही द्यायला तेवढं कोणी धजत नाही, कारण खरेदी समितीवर प्लॉट नं. 12 वालेच आहेत.

तरी, शेड पॅनेलच्या उंचीखाली उतरवावं, तोवर तुटीच्या युनिटांचे पैसे त्यांच्या बिलात लावावेत. पुढची मोटर घेताना कॉपर वाइंडिंग आणि गॅरंटी लेखी घ्यावी, तिन्ही कोटेशन बोर्डावर लावावेत. कोटेशन मागवायचं काम प्लॉट नं. 12 सोडून कोणाकडेही द्यावं. माझी तयारी आहे.

यापूर्वीच्या अर्जांची पोच मिळाली नव्हती. याची सही-शिक्क्यानिशी द्यावी.

आपला,
सभासद, प्लॉट नं. 9