नंबराने हाक मारणाऱ्यांचे आभार

आधी डिचोलीच्या त्या फार्मसीवाल्या बाईंचे. जखम दुखत नव्हती, म्हणून मी नुसतं मलम मागत होतो. त्यांनी ते दिलंच नाही, कागदावर ‘सुरक्षा क्लिनिक’ (गुप्तरोगांचा सरकारी दवाखाना) लिहून दिलं. (धंदा सोडून एवढं कोण करतं?)

क्लिनिकमध्ये आडनावाने नाही, नंबराने हाक मारली. रक्ताची व्हीडीआरएल तपासणी, १:३२. सिफिलिस, लैंगिक संबंधातून पसरणारा आजार. काउन्सेलर म्हणाल्या, “बायकोचीही तपासणी हवी, नाहीतर पुन्हा तेच.” घरी सांगायचं कसं, याची त्यांनी अर्धा तास माझ्याकडून तालीम करून घेतली.

पेनिसिलीनचे २४ लाख युनिट, दोन्ही कुल्ल्यांत अर्धे अर्धे. “औषध दाट असतं, हळू देते, पाय सैल सोडा,” सिस्टर म्हणाल्या. दोन दिवस स्कूटरवर बसवेना!

जखम काय, औषधाविनाही भरते. आजार आत राहतो. म्हणून रक्त पुन्हा पुन्हा. तिसऱ्या महिन्यात १:१६. सहाव्याची तारीख चवथीच्या गडबडीत विसरलो, तर फोन आला. आजाराचं नाव न घेता, “जरा येऊन जा” एवढंच. १:८ निघालं, म्हणजे ३२ वरून ८, चौपट उतार; औषध लागू पडलं. लॅबवाला पोरगा माझ्याआधी हसला.

एचआयव्ही दोघांचीही निगेटिव्ह. बायको महिनाभर बोलली नव्हती. परवा बाराव्या महिन्याची तारीख तिनेच कॅलेंडरवर गोल करून ठेवली.