फेरी सर्वांत हळू मुलाच्या वेगाने न्यावी

संपादक महोदय,

थंडी पडली की शाळा आणि सोसायट्या मुलांच्या सायकल फेऱ्या काढतात. टी-शर्ट, पदके, नाश्ता सगळे आधी ठरते. सिग्नलला गट तुटला तर काय करायचे, हे मात्र कुणी मुलांना सांगत नाही, आणि खरा धोका तिथेच असतो. पुढची मुले हिरव्या दिव्यावर निघून जातात, दिवा लाल होतो, आणि आपण मागे राहू या भीतीने उरलेली दोघे तशीच घुसतात. म्हणून निघण्याआधीच बजावावे: गट तुटला तर तुटू दे, पुढचे चौक ओलांडून, बसथांबा सोडून, डावीकडे थांबतील.

आठ मुलांमागे तीन मोठी माणसे हवीत: एक पुढे, एक मध्ये, एक अगदी शेवटी. सर्वांत हळू चालवणारे मूल पुढच्या माणसाच्या लगेच मागे ठेवावे. ते शेवटी असले तर दर वळणानंतर त्याला जोर लावून गट गाठावा लागतो. दमलेले मूल मग रस्त्याकडे बघत नाही, पुढच्याच्या चाकाकडे बघत राहते. ताशी १२ ते १५ किलोमीटर वेग पुष्कळ झाला.

नवख्यांना रविवारी उजाडताच मरीन ड्राइव्ह बरा. नरिमन पॉइंटहून गिरगाव चौपाटीकडे जाताना डाव्या हाताला समुद्र असतो, त्या बाजूने गाडी येत नाही. परतीला मात्र चर्चगेटच्या बाजूचे रस्ते डावीकडून येऊन मिळतात आणि मुले तोवर थकलेली असतात. तिथे वेग आणखी उतरवावा. उभ्या गाड्यांपासून मीटरभर लांब राहावे, दार कधीही उघडते. बेस्ट बसच्या डावीकडून तर कधीच पुढे काढू नये. गटाराच्या जाळीच्या सळ्या रस्त्याला समांतर असतील तर बारीक चाक आत जाते. खोदकामावरचे लोखंडी पत्रे ब्रेक न दाबता सरळ ओलांडावेत.

सायकली आदल्या संध्याकाळी तपासाव्यात, पहाटे पंक्चरवाला सापडत नाही. ब्रेक पूर्ण दाबल्यावर मूठ आणि लिव्हरमध्ये दोन बोटे जागा उरली पाहिजे. हवा टायरच्या कडेला छापलेल्या मर्यादेत असावी. कमी हवेत खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिमला चेपते आणि एकदम दोन भोके पडतात. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटे, कपाळ झाकलेले. उजव्या बुटाची नाडी आत खोचलेली, नाहीतर ती चेनमध्ये जाते.

शाळांनी पालकांची संमती घेताना त्याच कागदावर गट तुटल्यावर थांबण्याचा नियम छापावा आणि त्याखाली मुलाचीही सही घ्यावी.

– मुलांच्या सायकल फेऱ्यांचे काही स्वयंसेवक, मुंबई