जुनी सायकल जड, पण नवी काय हलकी?

मा. संपादक, नमस्कार. परवा मोंढ्यात आडतीच्या काट्यावर आमच्या दादांची 28 इंची जुनी सायकल अन् नातवाची गिअरवाली दोन्ही मोजल्या, जुनी भरली 22 किलो, अन् नवी, शॉकअप बिकअप असलेली, 18! हलकी म्हणून घेतली होती ना राव. तिचा लोखंडी पाइप कॅरिअरवर पोतं टाकलं की लचकतो अन् वर्षात दोनदा रिम आऊट. जुनीचे जोड पितळेनं झाळलेले, पुढं 32 मागं 40 तारा, ज्वारीचं पोतं घेऊन मानवतहून परभणीला आलीय ती. हा, पावसात तिचे रॉडचे ब्रेक लागतच नाहीत, तेवढं खरं. अल्युमिनियमच्या चांगल्या सायकली 14 किलोच्या आसपास मिळतात, पण कंपन्यांनी वजन स्टिकरवर छापावं की, लपवता कामून?

— एक वाचक, परभणी